कंपासबाईंचा खांदा

शाळेत गणिताच्या बाईंना सगळे कंपासबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. राग येणं दूरच, उलट मनातल्या मनात त्या सुखावायच्या. हे नाव काही त्यांच्या अंगकाठीवरून पडलेलं नव्हतं. अंगानं त्या चांगल्या भरलेल्या होत्या. नाव पडलं होतं ते त्यांच्या वर्तुळावरून. बाई फळ्यासमोर उभ्या राहायच्या, खडू टेकवायच्या आणि खांद्यापासून अख्खा हात एकदाच गर्रकन फिरवायच्या. झालं वर्तुळ. दोरी नाही, खिळा नाही, पुसापुसी नाही. नवीन मुलं आ वासून बघायची. एखादं धीट मूल पुढे येऊन लाकडी कंपास लावून तपासायचं, आणि सापडलाच तर रेघभर फरक सापडायचा. तोही बाई कबूल करायच्या नाहीत. "कंपास तपासून घ्या," म्हणायच्या.

तर त्या दिवशी नववीच्या वर्गात त्यांनी नेहमीसारखा हात फिरवायला घेतला. खालचा भाग झकास उतरला. मग हात वर निघाला आणि खांद्याच्या रेषेत येऊन जो अडला तो अडलाच, आतून कुणी दाराला कडी घालावी तसा. मानेपासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. वर्गाकडे पाठ होती म्हणून बरं. बाईंनी दात आवळून हात तसाच पुढे रेटला आणि वर्तुळ पुरं केलं. पण त्याच्या डोक्यावर कुणीतरी बसून उठल्यासारखं ते दिसत होतं.

वर्गात कुजबुज झाली. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी उभी राहिली. "बाई, हे काय काढलंत?"

बाईंनी फळ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. "लंबवर्तुळ," त्या म्हणाल्या.

"पण ते आपल्याला अभ्यासाला नाहीये."

"अभ्यासाला नाहीये, पण जगात आहे ना? बस खाली."

एकदा बोलून गेल्यावर मागे फिरायची सोय नव्हती. बाईंनी उरलेला तास दोन खिळे आणि दोरी घेऊन लंबवर्तुळ शिकवण्यात घालवला. मुलांना तास भलताच आवडला. बाई मात्र शिक्षक-खोलीत येऊन खुर्चीत बसल्या, आणि पाण्याचा पेला त्यांनी डाव्या हातानं उचलला.

दुखणं काही एका दिवसात आलेलं नव्हतं. कित्येक महिने उजव्या कुशीवर झोपवत नव्हतं. वह्यांची पिशवी उचलताना खांदा कुरकुरायचा, फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा काढताना ओरडायचा. बाई म्हणायच्या, "जरा सांधा धरलाय, सुटेल." सांधा सुटला नाहीच, त्यानं बाईंनाच धरून ठेवलं. आता काखा वर करायच्या म्हटलं तरी जमेना, मग ते एखाद्या कामातून अंग काढून घ्यायला असो, नाहीतर पोलकं घालायला असो.

शाळेत त्यांनी ही गोष्ट कुणालाही कळू द्यायची नाही असं ठरवलं. त्याला कारण होत्या मोठ्या बाई.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंच, सडपातळ, आणि मान अशी ताठ की जणू डोक्यावर पाण्याचा भरलेला हंडा आहे. व्हरांड्यातून चालत निघाल्या की समोर बघत सरळ जायच्या. बाजूनं कुणी नमस्कार केला, तर तो हवेत विरून जायचा. "आपल्याकडे बघायलासुद्धा तयार नाहीत," असं शिक्षक-खोलीत सगळेच म्हणायचे. मागच्या वर्षी चित्रकलेच्या बाई कंबरदुखीचं गाऱ्हाणं घेऊन त्यांच्याकडे गेल्या होत्या. लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर दिवसभर वाकून वाकून त्यांची कंबर कामातून गेली होती. मोठ्या बाईंनी समोरच्या भिंतीकडे बघत उत्तर दिलं, "दुखतं सगळ्यांचंच. म्हणून काय शाळा बंद ठेवायची?" त्यानंतर शाळेत कुणाचंच काही दुखेनासं झालं. निदान तोंडानं तरी.

मग कंपासबाई फळ्याच्या फक्त खालच्या अर्ध्या भागावर लिहू लागल्या. त्यात अडचण अशी, की मागच्या बाकावरच्यांना पुढच्यांच्या डोक्यांपलीकडचं काही दिसेना. ते उभे राहायचे, वाचायचे, बसून लिहायचे, पुन्हा उभे राहायचे. गणिताच्या तासाला मागच्या दोन रांगांच्या उठाबशा सुरू झाल्या. हे फार दिवस चालणं शक्य नव्हतं. एके सकाळी बाईंनी खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आजपासून फळ्यावर मी लिहिणार नाही. तुम्ही लिहायचं."

"आम्ही?"

"मग काय मी पोस्टमनला बोलावू? उंच आहेत त्यांनी वर, बुटके आहेत त्यांनी खाली. चला."

आणि गंमत अशी झाली, की ते जमलं. एकजण पायरी लिहायचा, दुसरी चूक काढायची, तिसरा चुकीत चूक काढायचा. ज्यानं आयुष्यात कधी गृहपाठ केला नव्हता असा एक उंचाडा मुलगा, आपली पाळी येणार या धास्तीनं घरून गणितं सोडवून येऊ लागला. बाई खिडकीपाशी उभ्या राहून डाव्या हातानं उजवं कोपर धरून बघायच्या, मधूनच "का?" एवढंच विचारायच्या. वर्ग नुसता गजबजून गेलेला असायचा. तरी बाईंच्या मनाला ते लागायचं. आपण आता फसवणूक करून पगार खातो, असं त्यांना वाटत होतं.

घरी मात्र लपवाछपवी चालली नाही. बाईंचे यजमान नकाशे काढणाऱ्या कचेरीत होते. डोळा बारीक, हात त्याहून बारीक. बायको केस बांधायला हात मागे नेते आणि अर्ध्यातून खाली आणते, हे त्यांनी दोन-तीनदा बघितलं आणि न बोलता कंगवा हातात घेतला.

"अहो, राहू द्या. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"नदीचं खोरं काढतो मी. तीन पेड मला जड आहेत होय?"

पहिली वेणी डाव्या कानाशी उगवली आणि उजव्या खांद्यावर जाऊन संपली. शाळेत तीनजणींनी विचारलं, ही नवी पद्धत का म्हणून. पण माणूस चिकाटीचा. आठवडाभरात वेणी अशी सरळ आणि घट्ट येऊ लागली की बाईंच्या भुवया वर ताणल्या जायच्या.

सासूबाई हे सगळं बाजूच्या पलंगावरून बघत होत्या. त्यांचं वय झालेलं, पण अजून तुरुतुरु चालायच्या. एका रविवारी कंपासबाई स्वयंपाकघरात वरच्या फळीवरच्या पातेल्याकडे हताशपणे बघत उभ्या होत्या. सासूबाई मागून आल्या, टाचा उंचावल्या, पातेलं काढलं आणि सुनेच्या हातात ठेवलं.

"तू माझी सून की मी तुझी?"

"अहो आई, थोडं आखडलंय इतकंच."

"थोडं? अगं, पाठमोरी उभी असतेस तेव्हा तू माझ्यापेक्षा म्हातारी दिसतेस. जगाला शिकवतेस आणि स्वतःच्या अंगाचं ऐकत नाहीस. उद्या शाळा सुटली की डॉक्टरकडे जायचं. नाही गेलीस तर मी शाळेत येईन आणि सगळ्यांदेखत तुझा हात वर करून दाखवीन."

सासूबाई बोलल्या की करायच्या. कंपासबाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. डॉक्टरांनी हात इकडे तिकडे फिरवून बघितला, तपासण्या केल्या आणि सांगितलं, की याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, औषधापेक्षा व्यायामाचं काम जास्त आहे, तेव्हा फिजिओकडे जा.

फिजिओचा दवाखाना चपलांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होता. लांबलचक खोली, मधे निळे पडदे, पडद्यांआड खाटा. फिजिओ म्हणजे एक चटपटीत तरुणी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिनं बाईंचा खांदा शेकून काढला, मग हात धरून सावकाश वर नेला. बाई कळवळल्या.

"काय काम करता, काकू?"

आयुष्यभर बाई ऐकायची सवय. काकू जरा टोचलं. "शिक्षिका आहे."

"मग बरोबर. फळा किती उंच आहे तुमचा?"

"का? फळ्यासारखा फळा आहे."

"लिहिताना टाचा उचलाव्या लागतात?"

बाई विचारात पडल्या. लागतात की! पण पूर्वी लागत नव्हत्या. त्या नोकरीला लागल्या तेव्हा लागत नव्हत्या, एवढं नक्की.

"फक्त फळ्यामुळेच खांदा आखडला असं मी म्हणणार नाही," फिजिओ म्हणाली. "या वयात बायकांना हे होतंच बऱ्याचदा. पण रोज तासन्‌तास हात डोक्याच्या वर ठेवून काम करायचं, वर वह्यांची ओझी, वर दुखतंय ते लपवायचं. मग खांदा तरी काय करेल? आता भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. बोटं भिंतीवर टेकवा आणि मुंगीसारखी चढवत न्या. जिथे दुखेल तिथे थांबा, श्वास घ्या, आणखी एक बोट वर."

बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतक्या मुलांना त्यांनी असं उभं केलं होतं, पण स्वतः उभं राहायची ही पहिलीच वेळ. बोटं खरखरत वर सरकू लागली.

"कोण भिंत खरवडतंय?" पडद्यापलीकडून करडा आवाज आला. "बंद करा ते!"

कंपासबाईंचा हात जागच्या जागी थिजला. तो आवाज त्यांनी झोपेतसुद्धा ओळखला असता.

"खरवडत नाहीत, व्यायाम करताहेत," फिजिओ म्हणाली, आणि टॉवेल हवा म्हणून तिनं सरळ पडदा बाजूला सारला.

पलीकडे खुर्चीत मोठ्या बाई बसल्या होत्या. हनुवटीखाली आणि डोक्यामागे पट्टे, पट्ट्यांना दोरी, दोरी वर कप्पीतून जाऊन पलीकडे वजनाला बांधलेली. एकूण थाट दुकानात टांगून ठेवलेल्या घंटेसारखा. त्यांना मान वळवता येत नव्हती म्हणून त्यांनी फक्त डोळे वळवले.

"तुम्ही?" मोठ्या बाई पट्ट्यातून म्हणाल्या.

"तुम्ही?" कंपासबाई भिंतीला चिकटून म्हणाल्या.

तेवढ्यात तिसऱ्या पडद्याआडून खाकरल्याचा आवाज आला. "आता सगळे आलेच आहेत तर सांगतो. मी पण आहे."

ते खेळाचे सर होते. शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवत मुलांना पळवणारे, छाती पुढे काढून चालणारे. ते खाटेवर दोन्ही गुडघ्यांवर शेकायच्या पिशव्या ठेवून, विमा उतरवून घ्यायला बसल्यासारखे गंभीर चेहऱ्यानं बसले होते.

"सर, तुमचे गुडघे?" कंपासबाईंनी विचारलं.

"बाई, सिमेंटच्या मैदानावर इतकी वर्षं उड्या मारल्यात. आता कुणापुढे गुडघे टेकायचे ठरवले तरी टेकत नाहीत. मी मुलांना उठाबशांचा आकडा मोजून देतो, स्वतः काढत नाही. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"नाही! मला वाटायचं तुमचा रुबाब आहे तो."

"आणि असंही वाटायचं," बोलता बोलता कंपासबाईंच्याच तोंडून पुढे निसटून गेलं, "की मोठ्या बाई आमच्याकडे बघतच नाहीत."

वजन दोरीवर हळूच हेलकावे खात होतं.

"बघता आलं असतं तर बघितलं नसतं का हो?" मोठ्या बाई म्हणाल्या. आवाजातला करडेपणा कुठच्या कुठे गेला होता. "मान वळली की हातापर्यंत मुंग्या येतात. दिवसभर त्या कागदांवर मान खाली घालून बसायचं, संध्याकाळी ती वर होत नाही. व्हरांड्यात कुणी नमस्कार केला की मला ऐकू येतो. पण वळायचं म्हणजे अख्खं अंग रणगाड्यासारखं वळवायचं. तोवर माणूस पुढे गेलेला असतो. मग मी आपली सरळ चालते."

"आणि आम्ही तुम्हाला हंडाबाई म्हणतो," सर म्हणाले आणि म्हणून झाल्यावर त्यांनी जीभ चावली.

मोठ्या बाईंच्या पट्ट्यातून एक विचित्र आवाज आला. आधी सगळ्यांना वाटलं, गळा आवळला की काय. मग लक्षात आलं, की त्या हसताहेत. हसता हसता दोरी हलली, वजन भिंतीवर आपटलं, सर गदागदा हसायला लागले तशी गुडघ्यावरची पिशवी घसरून जमिनीवर फुटली. फिजिओ धावत आली.

"इथे उपचार चाललेत की नाटकाची तालीम? काकू, बोटं वर! तुम्ही हसू नका, मणका हलतो! सर, पाय उचला, गरम पाणी आहे!"

त्या दिवसापासून तिघांची दवाखान्यात चांगली मैत्री जमली. एकदा कंपासबाईंनी फळ्याच्या उंचीचं कोडंही सोडवलं. पूर्वी प्रत्येक वर्गात फळ्याखाली लाकडी चौथरा असायचा आणि शिक्षक त्यावर चढून लिहायचे. शाळेची फरशी बदलली तेव्हा चौथरे निघाले. फळे मात्र जिथे होते तिथेच राहिले.

"चौथरे मीच काढायला लावले," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलं अडखळून पडायची. पण फळे खाली घ्यायचं डोक्यातच आलं नाही. कुणी बोललंही नाही."

"आता घ्या की खाली."

"आता घेतले तर सगळे विचारतील का. मग चित्रकलेच्या बाईंना मी काय बोलले होते ते निघेल. मग माझी मान निघेल." त्या थांबल्या. "मुख्याध्यापिकेचीच मान धड नाही म्हटल्यावर माझं कोण ऐकेल? इथलं इथेच राहू द्या. कबूल?"

कंपासबाईंनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

असे दिवस चालले असताना शाळेच्या तपासणीला एक अधिकारी आले. गोल चेहऱ्याचे, उत्साही गृहस्थ. वर्गावर्गातून फिरत ते नववीत पोचले, तेव्हा फळ्यापाशी मुलांची झुंबड उडालेली होती. चष्मेवाली मुलगी उंचाड्याच्या पायरीला हरकत घेत होती, तो तावातावानं उत्तर देत होता, आणि बाई खिडकीपाशी शांत उभ्या. अधिकारी अर्धा तास दारातच खिळून राहिले.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर नववीच्याच वर्गात खुर्च्या मांडून सगळ्या शिक्षकांना बोलावण्यात आलं. अधिकारी हात चोळत उभे राहिले. "मी खूप शाळा बघितल्या, पण अशी पद्धत बघितली नाही. शिक्षिका खडूला हातही लावत नाही! सगळं मुलांच्या हातात! आता बाकीच्या शाळांनाही हे दाखवायला हवं. या बाई, या पुढे. या पद्धतीला काय नाव दिलंत तुम्ही? फळ्यावर लिहा, सगळ्यांना दिसेल असं वर लिहा."

त्यांनी खडू पुढे केला. कंपासबाई फळ्यापाशी गेल्या. मधल्या व्यायामानं हात पूर्वीपेक्षा बरा होता, पण वरच्या कडेपर्यंत अजून पोचत नव्हता. मुलांना पुढे पाठवायची युक्ती इथे चालण्यातली नव्हती, कारण इथे मुलंच नव्हती. त्यांनी खडू टेकवला तो खांद्याच्या रेषेत.

"वर, वर! संकोच कसला?" अधिकारी जवळ आले आणि कौतुकानं त्यांनी बाईंच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. "शाब्बास!"

"आई गं!"

बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. खडू खाली पडून त्याचे तुकडे झाले. अधिकारी हात मागे घेऊन घाबरून उभे. आणि मग काय झालं कोण जाणे. कदाचित कळ फार मोठी होती म्हणून असेल, किंवा खोटं कौतुक पचत नव्हतं म्हणून, पण बाई वळल्या आणि बोलून मोकळ्या झाल्या.

"साहेब, ही पद्धत नाही. हा खांदा आहे. माझा हात वर जात नाही म्हणून मी मुलांना फळ्यावर पाठवलं. त्यातून चांगलं निघालं, ते मुलांचं. पण तुम्ही पद्धतीचं कौतुक करून गेलात आणि खांदा तसाच राहिला, तर पुढच्या वर्षी कुणाचा तरी दुसरा खांदा जाईल. फळा बघा केवढा उंच आहे. खाली चौथरा होता, तो गेला. आम्ही सगळे इतकी वर्षं टाचांवर उभं राहून लिहितोय आणि एकमेकांपासून लपवतोय."

मोठ्या बाईंकडे बघायची हिंमत होईना. चौथऱ्याचं बोलल्या, म्हणजे दिलेला शब्द मोडलाच होता. खुर्ची सरकल्याचा कर्रकन आवाज आला. पहिल्या रांगेत बसलेल्या मोठ्या बाई उठल्या, दोन्ही हातांनी खुर्ची उचलून उलटी फिरवली, आणि सगळ्या शिक्षकांकडे तोंड करून पुन्हा बसल्या.

"चौथरे मी काढले," त्या म्हणाल्या. "आणि मी मान वळवत नाही, कारण ती वळत नाही. गर्व नाही तो. मणका आहे." मग त्यांनी चित्रकलेच्या बाईंना शोधलं. त्या कोपऱ्यात होत्या म्हणून पुन्हा खुर्ची फिरवावी लागली. "तुम्ही कंबरेचं सांगायला आलात तेव्हा माझी मान इतकी ठणकत होती, की मी तुमच्यावर तोंड टाकलं. चुकलंच माझं."

चित्रकलेच्या बाई हसल्या, मग डोळे पुसले, मग म्हणाल्या, "अहो, खुर्ची नका उचलू, मान आणखी दुखेल! मी येते ना पुढे."

त्यावर खेळाचे सर गुडघ्यांवर हात ठेवून, कुरकुरत उभे राहिले. "माझे दोन्ही," एवढंच ते म्हणाले. आणि मग बांध फुटल्यासारखं झालं. कुणाचं मनगट, कुणाच्या टाचा, कुणाची पाठ. भाषेचे सर म्हणाले, शुद्धलेखन तपासून तपासून माझा अंगठा वाकडा झालाय, आणि तो अंगठा त्यांनी सगळ्यांना दाखवला. एरवी जेमतेम तोंड उघडणारी माणसं एकमेकांना आपापलं दुखणं असं रंगवून सांगू लागली की अधिकाऱ्यांना मधे बोलायला फटच मिळेना. शेवटी त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, फळा जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं आणि म्हणाले, "तुमच्या पद्धतीबरोबर हेही लिहितो मी. दोन्ही एकत्रच जाऊ देत."

त्यांनी खरंच लिहिलं. सुट्टीत सुतार आले आणि सगळे फळे खाली आले. चित्रकलेच्या बाईंना चाकं असलेलं उंची बदलणारं स्टूल मिळालं. त्यावर बसून त्या बाकांच्या रांगांमधून अशा सुळ्ळकन फिरायच्या की मुलं मुद्दाम चित्र चुकवून त्यांना बोलावून घ्यायची. वह्यांचे गठ्ठे घरी न्यायचे नाहीत, शाळेतच तपासायचे असं ठरलं. कंपासबाईंचा खांदा सावकाश सुटत गेला. सगळा नाही, पण वेणी घालण्याइतका सुटला. यजमान मात्र कंगवा सोडायला तयार नव्हते. "आता कुठे हात बसलाय," म्हणाले. मुलांना फळ्यावर पाठवणं बाईंनी चालूच ठेवलं. फरक एवढाच, की आता त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

आणि मधल्या सुट्टीत दहा मिनिटं शिक्षक-खोलीत व्यायाम सुरू झाला. सांगायचं काम खेळाच्या सरांकडे. गुडघ्यांना त्रास नको म्हणून ते खुर्चीत बसून शिट्टी वाजवायचे आणि बाकी सगळे त्या तालावर खांदे फिरवायचे, हनुवटी आत घ्यायचे, शेवटी भिंतीकडे तोंड करून बोटं वर चढवायचे. मोठ्या बाई सगळ्यात पुढे.

पहिलीच्या मुलांना खिडकीतून हे दिसलं. त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल ते असो, पण दोन-तीन दिवसांनी एक आजोबा शाळेत आले. काठी टेकत, रागानं लालबुंद. नेमके ते भिंतीच्या व्यायामाच्या वेळी दारात उभे राहिले आणि आतलं दृश्य बघून त्यांचा स्वर एकदम विनवणीचा झाला.

"म्हणजे नात म्हणत होती ते खरंच," ते खेळाच्या सरांना म्हणाले. सर खुर्चीत बसलेले आणि तोंडात शिट्टी, म्हणजे तेच मुख्य, असा त्यांनी हिशेब केला. "साहेब, चूक सगळ्यांकडून होते. पण बायामाणसांना असं हात वर करून भिंतीशी उभं करायचं म्हणजे फार झालं. आमच्या नातीच्या बाई तर किती चांगल्या आहेत. त्यांना तरी सोडा."

कंपासबाईंना हसू आवरेना, पण बोटं चढत होती म्हणून त्यांनी भिंतीवरून हात काढला नाही. मोठ्या बाई सावकाश वळल्या. सगळ्याच नाही, आधी मान, थोडीशी, मग खांदे.

"आजोबा, शिक्षा नाही ही. खांदे मोकळे करतोय. तुमचे कसे आहेत?"

आजोबा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "खरं सांगू?" शेवटी ते म्हणाले. "डावा वर जातच नाही."

"मग उभे का?" मोठ्या बाईंनी सरकून जागा केली. आजोबांनी काठी दाराशी टेकवून ठेवली, बाही मागे सारली आणि भिंतीवर बोटं लावली. सरांनी शिट्टी वाजवली.